गुडघा बघायला आलेले पाहुणे

माझ्या मुलीचा गुडघा डॉक्टरांनी दीड तासात नीट केला आणि मी तो पाच आठवड्यांत पुन्हा बिघडवून दाखवला.

मी एसटीत कंडक्टर आहे. सोलापूरहून मंगळवेढा आणि सांगोला या गाड्यांवर माझी सव्वीस वर्षं गेली. मी डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, आणि घरात मी बोलल्याशिवाय आमचे हे ताटावरून उठत नाहीत. (हे शाळेत क्लार्क आहेत. बोलायचं काम त्यांनी लग्नातच माझ्याकडे सोपवलं.) सांगायचा मुद्दा, कुणाला कुठं बसवायचं आणि कुणाला कुठं उतरवायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटायचं.

मयूरी माझी एकुलती एक. वय एकोणीस, खो-खो खेळते. खेळते म्हणजे काय, तिला दुसरं काही सुचतच नाही. कॉलेजात विषय कोणते घेतलेत विचारलं तर आठवावं लागतं. गेल्या वर्षी सरावात पळणारी पोरगी खांबामागं निसटत होती, तिला गाठायला मयूरीनं पाय रोवला, अंग वळलं आणि गुडघा होता तिथंच राहिला. उसाचं कांडं मोडल्यासारखा आवाज आला म्हणे. तपासणीत निघालं की गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय, पूर्ण.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मांडीच्या मागची शीर घ्यायची, तिचा पीळ करायचा, हाडाला बोगदा पाडायचा आणि त्यातून ओवून बसवायची. आमचे हे घामाघूम झाले. मयूरीनं एकच प्रश्न विचारला.

"सर, मी पुन्हा खेळेन ना?"

"ऑपरेशन माझ्याकडं लागलं, ते मी नीट करतो," डॉक्टर म्हणाले. "पुढचं तुमच्या घरच्यांच्या हातात. सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ व्हायलाच हवा. झाला, तर नऊ-दहा महिन्यांत मैदानावर. नाही झाला, तर खो-खो विसरायचा."

'घरच्यांच्या' म्हणताना ते माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्याच दिवशी फिजिओ मॅडमनी मयूरीला कुबड्यांवर उभं केलं. मॅडम म्हणजे पंचविशीतली पोरगी, अंगावर पांढरा कोट, तोंडाला मास्क, आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा. तिनं नियम सांगितले. रोज चालायचं. तासातासाला व्यायाम. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुडघ्याखाली उशी अजिबात घ्यायची नाही. घ्यायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा स्वतःच्या वजनानं खाली जातो आणि सरळ होतो. हे तिनं तीनदा सांगितलं.

"मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हटलं. "नियम पाळायला लावणं हीच माझी नोकरी आहे."

इथवर सगळं ठीक होतं. मग आम्ही घरी आलो आणि माणसं बघायला यायला लागली.

आमच्याकडं ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला जाणं हे कर्तव्य असतं. लग्नाला नाही गेलं तर चालतं, अंथरुणावरच्या माणसाला नाही बघितलं तर पुढं दोन पिढ्या ऐकावं लागतं. पहिल्या आल्या मंगळवेढ्याच्या आमच्या थोरल्या जाऊबाई. सोबत जीपभर माणसं, हातात शहाळी. भर दुपारचं ऊन. दारात पाऊल ठेवलं, तेव्हा मयूरी कुबड्या टेकत स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या भरून येत होती.

जाऊबाई उंबऱ्यातच थांबल्या. चेहरा पडला.

"ही तर चालतीय की."

"अहो, चालायला सांगितलंय—"

"तुमी तर फोनवर लई मोठं ऑपरेशन झालं म्हणाला हुता." मग त्या मागं वळून जीपमधल्या माणसांना म्हणाल्या, "बरी हाय पोरगी. उतरा आता, आलोच हाय तर."

खरं सांगते, मला भर बाजारात चोरी करताना सापडल्यासारखं झालं. माणसं उन्हातान्हाची पन्नास-साठ किलोमीटर येतात आणि पेशंट पाण्याचा तांब्या घेऊन हिंडतोय! मी मयूरीच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"जा, आडवी हो. मोठी माणसं आलीत."

"आई, माझा चालायचा वेळ आहे हा."

"नंतर चाल. गुडघा कुठं पळून जात नाही."

ती पलंगावर पडली. पण सपाट ठेवलेला पाय कसा दिसतो? पायासारखा दिसतो. बघणाऱ्याला त्यात काय झालंय हे कळायला नको का? मी कपाटातली चादर काढली. आमच्या गावची जाडजूड चादर, तिची घट्ट गुंडाळी केली आणि गुडघ्याखाली सारली. पाय असा ऐटीत वर आला की बघणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे.

"आगं बाई बाई," जाऊबाई पलंगावर टेकत म्हणाल्या, "काय हाल झाले गं लेकराचे." त्यांचा आवाज भरून आला. मलाही बरं वाटलं.

जाऊबाई समाधानानं परत गेल्या आणि त्यांनी ते समाधान सगळ्या तालुक्याला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून रांगच लागली. दिराची सासुरवाडी आली, शेजारणींच्या बहिणी आल्या, डेपोतली मंडळी ड्युटी संपवून आली. सकाळी व्यायामाच्या वेळेला माणसं, संध्याकाळी चालायच्या वेळेला माणसं. दारात चप्पल वाजली की मी आतून हाक द्यायचे, "मयूरी, पाय!" आणि ती चादरीवर पाय ठेवायची. ती कुरकुरली नाही असं नाही. पण पाय सरळ करताना दुखायचं, आणि चादरीवर ठेवला की आराम पडायचा. तिला वाटायचं आईला कळतंय. आई काय, सव्वीस वर्षं नोकरी केलेली बाई!

दोन आठवड्यांनी टाके निघाले, पट्टीही गेली. हा मोठाच प्रश्न आला. आता बघायला काय उरलं? मी जुनी क्रेप पट्टी धुऊन वाळवली आणि पाहुणे आले की पायजम्यावरून बांधायला लागले.

"आई, हे काय?"

"असू दे. आणि जरा कण्ह."

"दुखत नाही गं."

"म्हणून काय झालं? त्या बिचाऱ्या सांगोल्याहून आल्यात."

आता कबूलच करते. मला ते आवडायला लागलं होतं. सव्वीस वर्षांत माणसं माझ्याशी फक्त सुट्ट्या पैशांसाठी आणि गाडी न थांबणाऱ्या थांब्यासाठी बोलली. आता बायका माझा हात हातात घेऊन विचारायच्या, "सुनंदा, तू कशी गं उभी राहिलीस या सगळ्यात?" मी डोळ्याला पदर लावून सांगायचे. ऑपरेशन पहिल्या आठवड्यात दोन तासांचं होतं. तिसऱ्या आठवड्यात ते चार तासांचं झालं. पाचव्या आठवड्यात डॉक्टर मध्येच बाहेर येऊन म्हणाले होते, 'आता सगळं देवाच्या हातात.'

"दीड तास," आमचे हे एकदा पेपराआडून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही चहा प्यायला गेला होता."

इकडं आठवड्यातून तीनदा दवाखान्यात फिजिओ मॅडम मयूरीचा पाय मोजायच्या. त्यांच्याकडं कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन हात फुटल्यासारखं यंत्र होतं. ते लावायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या.

"हे कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. घरी व्यायाम करते ना?"

"करते की," मी म्हणायचे. मयूरी छताकडं बघायची.

"गुडघ्याखाली उशी घेता का?"

"उशी? आमच्या घरात गुडघ्याखाली उशी गेली तर माझं नाव बदला."

(उशी गेलेलीच नव्हती, चादर गेली होती. मी खोटं बोलत नाही.)

पाचव्या आठवड्यातला रविवार. मंगळवेढ्याची जीप पुन्हा आली, कारण पहिल्या खेपेत ज्यांना जागा मिळाली नव्हती त्यांचं बघायचं राहिलं होतं. जाऊबाई आता जाणकार म्हणून सोबत आल्या होत्या. त्याच वेळी सांगोल्याकडून माझा थोरला भाऊ बिरूदादा आला, खांद्यावर डाळिंबांची पिशवी. दादाची मला धास्ती होती. त्याची मेंढरं आहेत, आणि मोडक्या पायाच्या मेंढराला बांबूच्या कामट्या बांधण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याला दारातच बजावलं, "दादा, पोरीच्या पायाला हात लावायचा नाही. इथं मोठे डॉक्टर आहेत."

"न्हाय लावत," म्हणून तो भिंतीला टेकून बसला.

खोली भरली. पाय चादरीवर, पट्टी पायजम्यावर, मी पदर सावरून पलंगाशी उभी. तेवढ्यात दारात स्कूटी थांबली. एक पोरगी आली, उन्हासाठी डोक्याला, तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, वर गॉगल. आमच्याकडं मे महिन्यात सगळ्या पोरी अशाच दिसतात, सख्खी आईसुद्धा चपलांवरून ओळखते.

"मयूरीचं घर—"

"हेच, हेच. मैदानावरची ना गं तू? ये, पुढं सरक, आत जागा आहे." तिला बोलायला वाव न देता मी तिला जाऊबाई आणि दादाच्या मध्ये बसवलं. नवा पाहुणा आला म्हणजे पहिल्यापासून सांगणं आलं. मी सुरू केलं. मागची शीर, हाडातला बोगदा, चार तास, देवाच्या हातात. बायका चुकचुकल्या.

"आता तीन महिने पाय भुईला टेकवायचा नाही," मी म्हटलं.

"असं कुणी सांगितलं?" स्कार्फमधून आवाज आला.

"मोठ्या डॉक्टरांनी."

"आणि फिजिओ काय म्हणते?"

"ती? अगं, ती कालची पोरगी. उचल पाय, ठेव पाय, यापलीकडं तिला काय कळतंय? मी तिथं हो हो म्हणते आणि घरी आपलं आपल्या पद्धतीनं करते."

मयूरीनं तो आवाज ओळखला होता. ती मला डोळ्यांनी खुणावत होती, मान हलवत होती, शेवटी तिच्या तोंडून खरोखरचं कण्हणं बाहेर पडलं. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"बघा, कशी कण्हतीय बिचारी."

त्या पोरीनं गॉगल काढला. मग स्कार्फचा एक वेढा सोडला, मग दुसरा. तिसऱ्या वेढ्याला मी मयूरीच्या कपाळावरचा हात काढून घेतला. मास्कच्या वरचे ते दोन डोळे मी पाच आठवडे बघत होते.

त्या फिजिओ मॅडम होत्या. उठल्या, मयूरीची पट्टी सोडून घडी करून माझ्या हातात दिली, गुडघ्याखालची चादर ओढून काढली, पर्समधून ते दोन हातांचं कोनमापक काढलं. खोलीतली माणसं मान लांब करून बघत होती. खालून चादर गेली तरी गुडघा तसाच, हवेत.

"पंधरा अंश," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं, म्हणून आज स्वतः आले. काकू, आत जखमेचं जाळं धरायला लागलंय. माझ्याकडं दोन आठवडे आहेत. तेवढ्यात सरळ नाही झाला तर डॉक्टरांना पुन्हा गुडघा उघडावा लागेल. आणि मग खेळण्याचं मी काही सांगू शकत नाही."

मयूरी उठून बसली. तिनं मॅडमना काही विचारलं नाही, मला विचारलं.

"आई, मी खेळेन का नाही?"

चिल्लर नाही म्हणून भांडणाऱ्यांना, अख्ख्या गाडीला उत्तर देणारी मी. त्या दिवशी पोरीकडं पाठ फिरवली. मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅसपाशी उभी राहून रडले. लाज वाटत होती. पोरीनं आईवर भरवसा ठेवून पाय माझ्या स्वाधीन केला होता आणि मी तो चार लोकांत मिरवायला वापरला. कुणी विचारपूस करावी म्हणून!

बाहेर जाऊबाई खिंड लढवत होत्या. "पन मॅडम, ऑपरेशन झाल्यावर आराम तर पायजेच की."

"वैनी," दादाचा आवाज आला. "मेंढराचा पाय मोडला तर आमी बांधतो. पन बांधला की त्येला उठिवतो. आठ दिस बसून ऱ्हायलं की त्यो पाय वाळतो, मग ते कळपात चालत न्हाय. मी आल्यापास्नं बगतोय, ही धडधाकट पोरगी झोपलीय कशाला? मला वाटलं, शेरात अशीच रीत आसंल."

ज्याच्या अडाणीपणाची मला धास्ती होती, तो एकटाच माणूस मॅडमच्या बाजूनं निघाला. मी डोळे पुसून बाहेर आले.

"मॅडम, काय करायचं ते सांगा. नाव तर बदला म्हणून मीच म्हणाले होते, ते नंतर बघू."

मॅडमनी मयूरीला पलंगावर पालथं झोपवलं. मांडी पलंगावर, गुडघ्यापासून खाली पाय कडेच्या बाहेर लोंबता. घोट्याला वजन अडकवायचं आणि गुडघा आपोआप ताणू द्यायचा. दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. "घरात दोन किलोभर वजन काही आहे का?"

दादानं डाळिंबांची पिशवी पुढं केली. मॅडमनी हातानं अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "निम्मी काढा." निम्मी डाळिंबं जाऊबाईंच्या ओच्यात गेली. पिशवी घोट्याला बांधली. मयूरीनं उशीत तोंड खुपसलं आणि या वेळी ती कुणी न सांगता कण्हली. माझा जीव तुटत होता, पण मी जागची हलले नाही.

पुढचे दोन आठवडे आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांना मयूरीचं तोंड दिसलं नाही. पलंगाच्या कडेला दोन टाचा दिसायच्या, त्यातल्या एकीला डाळिंबं. माणसं भांबावून टाचांचीच विचारपूस करायची. मी दारात खुर्ची टाकून बसायचे. "आता भेट बंद. पुढची साडेपाचला. शहाळी तिथं ठेवा, आणि पायाला बांधायला रिकामी पिशवी असेल तर द्या." निम्मे पाहुणे रुसले. जाऊबाई रुसून निघाल्याच होत्या, पण मॅडमनी त्यांना एक काम देऊन टाकलं. पालथं झोपल्यावर दोन्ही टाचा एका पातळीत आल्या की गुडघा सरळ झाला. त्या किती बोटं खालीवर आहेत ते रोज बघायचं. जाऊबाई मंगळवेढ्याला परत गेल्याच नाहीत. पलंगाच्या टोकाशी बसून एक डोळा मिटून टाचा न्याहाळायच्या आणि फोन लावायच्या.

"अजून तीन बोटं वर हाय. उद्या कळवते."

तीनाची दोन झाली, दोनाचं एक. एका बोटावर चार दिवस गाडी अडली. त्या चार दिवसांत मला जेवण गेलं नाही. मयूरी दात-ओठ खाऊन पडून राहायची आणि मी तिच्याजवळ बसून मोबाइलवर दहा मिनिटं लावायचे. एकदा ती उशीतूनच म्हणाली, "आई, तू रडू नको. मला मोजता येत नाही." मी मग बाहेर जाऊन रडायला लागले.

तेराव्या दिवशी दवाखान्यात मॅडमनी मयूरीला उताणं झोपवलं आणि गुडघ्याखाली हात सारून बघितला. हात जाईना. त्यांनी कोनमापक लावलं, पुन्हा लावलं आणि मास्क खाली केला.

"सरळ," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनीच मला उठवलं. मयूरी रडली, मी रडले, जाऊबाई कॉरिडॉरमध्ये जाऊन मंगळवेढ्याला फोन लावताना रडल्या. आमच्या ह्यांनी नाक शिंकरलं.

पुढचे महिने नियमानं गेले. आधी जिने, मग सायकल, मग धावणं, मग खाली बसून झटक्यात उठणं. मी एकाही नियमावर तोंड उघडलं नाही. आमचे हे त्या काळात दोन-तीन वाक्यं बोलल्याचं मला स्पष्ट आठवतं. दहा महिने झाले आणि मॅडमनी एका पायावर उड्या मारायला लावून, पळवून, वळवून घेतलं आणि लेखी परवानगी दिली.

पहिला सामना इथलाच, क्लबाक्लबांतला. मी रजा टाकली. मयूरी मैदानात उतरली. समोरची पोरगी चपळ होती, खांबाकडं झुकांडी देत निसटायला लागली. त्याच जागी, तसाच पाय रोवून मयूरीनं अंग वळवलं आणि सूर मारला. धुरळा उडाला. मयूरी पालथी पडली ती उठेना. एक क्षण गेला, दोन गेले.

शिट्टी वाजली. पळणारी बाद झाली होती. मयूरी डोळ्यांतली माती पुसत उठली, गुडघा झटकला आणि पुन्हा पळत सुटली. तो डाव संपेपर्यंत तिनं आणखी दोघींना बाद केलं. मी रडले, नाचले, शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. माझी पोरगी खेळत होती. या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानातच राहिली नाही. मयूरी मातीत पडलेली असताना त्या दोन क्षणांत मी मंगळवेढ्याला फोन लावून "पडली हो पोरगी" एवढं सांगून टाकलं होतं.

संध्याकाळी आम्ही पेढे वाटत होतो. दारात जीप थांबली. जाऊबाई उतरल्या, मागून आठ माणसं उतरली, त्यातली चार तर मी कधी बघितलीही नव्हती. सगळ्यांचे चेहरे उतरलेले, हातात शहाळी. आणि अंगणात मयूरी दोरीवरच्या उड्या मारत होती.

जाऊबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तेवढ्या उन्हातून आलेली माणसं होती ती. मी हातातला पेढ्यांचा डबा ह्यांच्याकडं दिला, मुकाट्यानं आत गेले आणि पलंगावर आडवी झाले.